पोर्तुगालमध्ये खाण्यापिण्याचे पोर्तुगीज



पोर्तुगालमध्ये नव्याने आलेल्या, किंवा उन्हाळ्यात आई-वडिलांना इकडे बोलावणाऱ्या कुटुंबांसाठी खाण्यापिण्याची रोजची पोर्तुगीज वाक्ये येथे देत आहोत. उच्चार लिस्बनकडचे आहेत. शब्दाच्या शेवटचा ‘ओ’ इथे ‘उ’ होतो आणि शेवटच्या ‘स’चा ‘श’.

शाकाहारी मंडळींनी हे आधी वाचावे. ‘सैं कार्न’ म्हणजे ‘मांसाशिवाय’, पण एवढ्याने भागत नाही. ‘कार्न’मध्ये मासे धरत नाहीत, त्यामुळे ताटात मासा येऊ शकतो. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: ‘नाउं कोमु कार्न नैं पैश’, म्हणजे मी मांस खात नाही, मासेही खात नाही. पुढचे काम एकच क्रियापद करते: ‘लेव्हा’. शब्दशः अर्थ ‘नेतो’, पण पदार्थाच्या बाबतीत ‘त्यात घालतात’. ‘लेव्हा ओव्हु?’ अंडे घालतात का? ‘लेव्हा काल्दु द कार्न?’ मांस उकळलेले पाणी घालतात का? भाज्यांच्या सूपबद्दल हा प्रश्न जरूर विचारावा. ‘काल्दु व्हेर्द’ हे बटाटा आणि हिरव्या पानांचे सूप दिसायला अगदी निरुपद्रवी, पण त्यात बहुधा ‘शोरीसु’ची चकती असते (गोव्याचे चोरीस याच घराण्यातले). गोडातही बेसावध राहू नये. ‘पुदीं अबाद द प्रीश्कुश’ या प्रसिद्ध पुडिंगमध्ये ‘तोसीन्यु’, म्हणजे डुकराची चरबी असते. आजीला वाढण्यापूर्वी विचारलेले बरे!

मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर: ‘उ मेउ फील्यु ए अलेर्जिकु आ अमेंदुईं’. मुलगी असेल तर ‘आ मीन्या फील्या ए अलेर्जिका’. ‘फ्रुतुश सेकुश’ म्हणजे बदाम, अक्रोड, काजू वगैरे. शेंगदाण्याबद्दल मात्र वेगळे विचारावे. डिसेंबर २०१४ पासून युरोपीय संघाच्या नियमानुसार हॉटेलांना ॲलर्जी आणणाऱ्या १४ पदार्थांची माहिती द्यावी लागते, तेव्हा विचारायला संकोच नको. त्या यादीत तीळ आणि मोहरीही आहेत.

बाजारात आपली मराठी कामी येते. पाव, बटाटा, अननस हे शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडूनच आले. कोबीही ‘कोव्ह’वरून आला, पण इथे नुसते ‘कोव्ह’ मागितले तर पालेभाजीसारखी मोठी पाने हातात पडतील. आपला गड्डा म्हणजे ‘रेपोल्यु’. कोथिंबीर म्हणजे ‘कुएंत्रुश’. शेजारी तशीच दिसणारी ‘साल्सा’ ही पार्सली. जिरे ‘कुमीन्युश’, हरभरे ‘ग्राउं’, बेसन ‘फरीन्या द ग्राउं’. ‘असाफ्राउं’ म्हणजे केशर. हळदीला ‘कुर्कुमा’ म्हणावे. लिस्बनमध्ये मार्तीं मोनीश भागातल्या भारतीय दुकानांत मात्र हळद, हिंग हिंदीतूनही मिळते.

पोर्तुगीज पाककृती वाचताना ‘रेफुगादु’ वारंवार भेटेल: ऑलिव्ह तेलात परतलेला कांदा-लसूण, म्हणजे फोडणीची दूरची बहीण. ‘लूम ब्रांदु’ म्हणजे मंद आच, ‘पितादा’ म्हणजे चिमूट.

हॉटेलात ‘मैया दोझ’, म्हणजे अर्धी प्लेट मागवून पाहावी. एका माणसाला बहुधा पुरते. न मागता टेबलावर येणारा पाव आणि ऑलिव्ह खाल्ले तर त्यांचे पैसे लागतात. नको असल्यास सरळ ‘नाउं, ओब्रिगादु’ म्हणावे, बायकांनी ‘ओब्रिगादा’.