गीझर, घरगुती : टाकीचा की इन्स्टंट

नळाचे पाणी विजेवर, गॅसवर किंवा उन्हावर तापवून न्हाणीघरात पुरवणारे उपकरण. घरगुती गीझरचे दोन मुख्य प्रकार आहेत. टाकीच्या गीझरमध्ये पाणी आधी तापवून साठवले जाते. इन्स्टंट गीझरमध्ये तोटी सोडल्यावर वाहते पाणी तापते. या नोंदीत दोन्ही प्रकारांची तुलना जळगाव जिल्ह्यातील चोपडा व आसपासच्या खान्देशी घरांच्या संदर्भात केली आहे.

स्थानिक पार्श्वभूमी : चोपडा शहर उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला तापी यांच्यामध्ये वसले आहे. मे महिन्यात येथे पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जातो आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी आपोआपच तापते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे मात्र तापमान १० अंशांच्या आसपास उतरते. त्यामुळे गीझरची खरी गरज वर्षातून साधारण चार महिनेच असते. गीझर येण्यापूर्वी हे काम चुलीवरचा हंडा आणि तांब्याचा बंब करीत असत. बंबात मधोमध जळणाची नळी, तिच्याभोवती पाणी आणि बाजूला तोटी असते. कापूस पिकवणाऱ्या या भागात पऱ्हाट्या हे हाताशी असलेले जळण होते. रचनेने बंब हा टाकीचाच तापक होय. याच तालुक्यात अडावदजवळ उनपदेव येथे सातपुड्याच्या पायथ्याशी गरम पाण्याचा नैसर्गिक झरा आहे.

वाहते पाणी गॅसवर तापवणारे उपकरण लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉगन यांनी १८६८ मध्ये बनवले. आपोआप चालू-बंद होणारा टाकीचा तापक एडविन रूड यांनी १८८९ च्या सुमारास अमेरिकेत घडवला.

रचना : टाकीच्या गीझरमध्ये ६, १०, १५ किंवा २५ लिटरची पोलादी टाकी, तिच्याभोवती उष्णतारोधक थर, सहसा २ किलोवॅटची कॉइल, थर्मोस्टॅट आणि दाब वाढल्यास उघडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. काचलेप दिलेल्या टाकीत मॅग्नेशियमची कांडी बसवतात. पोलादाऐवजी ती झिजते आणि टाकी गंजण्यापासून वाचते. बाजारात इन्स्टंट म्हणून मिळणाऱ्या विजेच्या गीझरमध्येही १ किंवा ३ लिटरची छोटी टाकी असतेच. फक्त कॉइल ३ किलोवॅटची, काही नमुन्यांत ४.५ किलोवॅटची असते. खऱ्या अर्थाने बिनटाकीचा म्हणावा असा नेहमीचा प्रकार म्हणजे गॅस गीझर. त्यात ज्योतीवरच्या तांब्याच्या नळीतून पाणी वाहते. भारतीय मानकांत टाकीच्या विद्युत गीझरसाठी आयएस २०८२, इन्स्टंटसाठी आयएस ८९७८ आणि एलपीजीवरच्या छोट्या गीझरसाठी आयएस १५५५८ लागू आहे.

बादलीचा हिशेब : खान्देशात आंघोळ बहुधा बादलीने होते, म्हणून क्षमता बादलीत मोजणे सोयीचे. १५ लिटरची बादली २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला सुमारे ०.३५ युनिट उष्णता लागते. हा आकडा गीझरच्या प्रकारावर अवलंबून नाही. १५ लिटरच्या टाकीतले पाणी ६० अंशांपर्यंत तापायला २ किलोवॅटवर सुमारे २१ मिनिटे लागतात. त्यात तेवढेच गार पाणी मिसळले की साधारण दोन बादल्या होतात. २५ लिटरच्या टाकीला सुमारे ३५ मिनिटे लागतात आणि तीन बादल्यांहून थोडे अधिक पाणी मिळते. त्यानंतर २ किलोवॅटची कॉइल दर साडेदहा मिनिटांना एका बादलीची उष्णता देते. ३ किलोवॅटचा इन्स्टंट पाण्याचे तापमान २० अंशांनी वाढवताना मिनिटाला सुमारे २.१ लिटर पाणी देतो, म्हणजे बादली भरायला सात मिनिटे. फवाऱ्याखाली आंघोळ करायला ही धार फारच बारीक पडते.

याचा अर्थ, एकामागून एक होणाऱ्या आंघोळींत इन्स्टंट थोडा पुढे असला, तरी हा फरक कॉइलच्या ताकदीचा आहे. टाकीचा फायदा पहिल्या दोन-तीन बादल्यांत मिळतो, कारण त्या लगेच भरतात. शाळा आणि बाजाराच्या घाईत सकाळी चार-पाच जणांची आंघोळ उरकायची असेल, तर ही आधी साठवलेली उष्णता उपयोगी पडते. एक-दोन माणसांच्या घरात किंवा स्वयंपाकघरातील भांड्यांसाठी इन्स्टंट पुरतो.

व्होल्टेज : कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले, तर ३ किलोवॅटची कॉइल जेमतेम २ किलोवॅट देते. अशा वेळी टाकीच्या गीझरला तापायला जास्त वेळ लागतो, पण पाणी तेवढेच गरम मिळते. इन्स्टंटमध्ये धार दोन-तृतीयांशाच्या आसपास आणावी लागते, नाहीतर पाणी कोमट येते. वीज जाण्याच्या बाबतीतही असेच घडते. आधी तापलेली टाकी वीज गेल्यावरही काही तास गरम राहते, तर इन्स्टंट त्याच क्षणी थांबतो. म्हणून गावाच्या टोकाला, रोहित्रापासून दूर असलेल्या घरात टाकीचा गीझर अधिक भरवशाचा ठरतो.

जड पाणी : पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण काठिण्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसल्यास ती ६०० पर्यंत चालवून घेतली जाते. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत क्षारांचा प्रश्न आधी पाहावा लागतो. तापल्यावर पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार कॉइलवर पांढऱ्या थराने बसतात. थरामुळे उष्णता पाण्यात नीट जात नाही आणि कॉइल जास्त तापून जळते. टाकीत क्षार तळाशी साचतात, ते वर्षातून एकदा झाकण काढून साफ करता येतात. गॅस गीझरची बारीक तांब्याची नळी मात्र क्षारांनी अरुंद होत जाते. जड पाण्यासाठी थर्मोस्टॅट ६० अंशांच्या वर नेऊ नये, कारण पुढे क्षार झपाट्याने बसतात.

पाण्याचा दाब : गच्चीवरच्या टाकीची उंची दर मीटरला सुमारे ०.१ बार दाब देते. बैठ्या घरात हा दाब कमी पडून गॅस गीझर पेटतच नाही, असे होऊ शकते. उलट, उंच इमारतींसाठी असलेल्या ८ बारच्या टाकीवर जास्त पैसे खर्च करण्याचे कारण अशा घरांत नसते.

खर्च : टाकीच्या गीझरचे तारांकन २४ तासांत टाकीतून वाया जाणाऱ्या उष्णतेवर ठरते. दिवसभर बटण चालू ठेवणाऱ्या घरात जास्त तारे पैसे वाचवतात. आंघोळीआधी अर्धा तास चालू करून नंतर बंद करणाऱ्या घरात हा फरक थोडाच राहतो. गॅस गीझरची कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे ४०० बादल्या तापतात. सौर यंत्रणाही टाकीचीच असते. १०० लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापले, तर विजेची सुमारे साडेचार युनिटे वाचतात. हिवाळ्यातही स्वच्छ ऊन असलेल्या खान्देशात ती चांगली चालते. मात्र जड पाण्याने काचेच्या नळ्यांत क्षार साचतात, आणि उन्हाळ्यात तिचा उपयोग जवळजवळ नसतो.

सुरक्षितता : ३ किलोवॅटला सुमारे १३ अँपिअर विद्युतप्रवाह लागतो, म्हणून १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, जाड तार, चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक ब्रेकर आवश्यक आहे. ४.५ किलोवॅटचा गीझर या पॉइंटवर चालवता येत नाही. टाकीच्या गीझरचा सुरक्षा व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून बंद करू नये, दाब वाढून टाकी फुटू शकते. गॅस गीझर न्हाणीघराच्या आत लावू नये. बंद जागेत ज्योत ऑक्सिजन संपवते व कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग किंवा वास नसल्याने माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो.

निवड : चार किंवा अधिक माणसे, बोअरचे पाणी आणि कमी-जास्त होणारे व्होल्टेज असलेल्या चोपड्यातील घरासाठी १५ ते २५ लिटरचा टाकीचा गीझर योग्य ठरतो. पाणी सौम्य, व्होल्टेज स्थिर आणि माणसे एक-दोन असतील, तर ३ लिटरचा इन्स्टंट कमी जागेत व कमी किमतीत काम भागवतो. गॅस गीझरचा विचार बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर तो बसवता येत असेल आणि गच्चीची टाकी पुरेशी उंच असेल, तरच करावा.