मानशीचे दार कोणी सांभाळायचे?

शेतात पाखरू, मासा, किडा-मुंगी यांनाही जागा हवी, हा विचार आज सेंद्रिय शेतीच्या चळवळीने पुढे आणला आहे. गोव्याची खाजने शतकानुशतके हेच करत आली, आणि अशी शेती केवळ खत-बियाण्यावर तगत नाही, तिला सामाईक जबाबदारी लागते, हे त्यांच्या इतिहासातून दिसते. भरतीखाली जाणारी सुमारे 18,000 हेक्टर जमीन खाडीकाठच्या गावांनी बांध घालून लागवडीखाली आणली, तीच ही खाजने. बांधात बसवलेल्या मानशीचे लाकडी दार भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. पावसाने मीठ धुऊन निघाले की खारेपण सोसणारे कोरगूट भात घ्यायचे. कापणीनंतर खारे पाणी आत घेऊन मासे, कोळंबी, खेकडे वाढू द्यायचे. त्या पाण्यानेच तणही आटोक्यात राहते. हे वेळापत्रक गावकरी ही ग्रामसंस्था सांभाळत असे. 1526 मध्ये पोर्तुगीज अधिकारी अफोन्सु मेशियाने तिचे रिवाज ‘फोराल’ या सनदेत नोंदवले, तेव्हाही ती जुनीच होती.

गावकरी न्याय्य नव्हती, हा आक्षेप खरा आहे. हक्क गावकार घराण्यांतल्या पुरुषांकडे होते. राबणाऱ्या कुळाच्या नावावर जमीन नव्हती. म्हणून 1964 चा कूळ कायदा आणि पुढे कुळांना मिळालेली मालकी योग्यच होती. उणीव राहिली ती दुसरीकडे: जमीन वाटली गेली, पण बांधाची राखण तितक्या नेटाने कोणाच्या अंगावर आली नाही. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. जास्त मासळीसाठी दार अवेळी उघडे ठेवले की खारे पाणी भातात शिरते, फुटलेला बांध तसाच राहतो आणि शेत पडीक होते. पडीक खाजनात खारफुटी उगवते, मग निसर्गाचे काय बिघडले, असेही विचारले जाते. खारफुटी मोलाचीच; बांधाबाहेर ती लाटांचा मारा झेलते. पण ती आत पसरली की भात, उथळ पाणी आणि चिखल यांचा आलटून-पालटून मिळणारा आसरा संपतो. शिवाय कोरगुटाचे बी पेरत राहिले तरच टिकते.

म्हणून खाजन वाचवायचे तर मासळीच्या लिलावाचा पैसा आधी बांधाला लागला पाहिजे, आणि मानशीचे दार कधी उघडायचे हे भात पिकवणाऱ्यांनी एकत्र बसून ठरवले पाहिजे.