दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा

दिवाळी आली की कर्जत-खालापूरकडची मुलं अंगणात मातीचे किल्ले करतात आणि बुरुजांवर मावळे मांडतात. मंडळी, यंदा हे मावळे जरा निरखून पाहा. सगळ्यांचे अंगरखे एका रंगाचे, पागोटीही एका रंगाची. जणू सरकारी गणवेशच!

नेपोलियनच्या काळातल्या हलक्या पायदळाचे चिमुकले शिपाई रंगवणारे हौशी लोक युरोपात पुष्कळ आहेत. त्यांचं काम एका परीनं सोपं. इंग्रजांच्या ९५व्या रायफल पलटणीचा कोट गर्द हिरवा, कॉलर काळी. फ्रेंचांचा पोशाख निळा, विजारीसकट. नियम कागदावर लिहिलेले. बटणसुद्धा चुकवायची सोय नाही.

आपलं हलकं पायदळ निराळं. २ फेब्रुवारी १६६१ रोजी खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत शिवाजीमहाराजांनी कोकणात उतरणाऱ्या कारतलबखानाची मोगल फौज रानात कोंडली. खानाला शरण यावं लागलं. त्या झाडीत दबा धरून बसलेल्या मावळ्यांना एकसारखा गणवेश नव्हता. ज्याच्या घरी जे, ते त्याच्या अंगावर.

तेव्हा गुरुजी, मुलांना सांगा, दहा मावळे दहा तऱ्हांनी रंगवा. एखाद्याचं पागोटं मळकं असू द्या. साऱ्यांच्याच हाती तलवार नको, कुणाला बंदूकही द्या. आणि किल्ल्याशेजारी एक खिंड करा. तिच्यात आळीव पेरा. चार दिवसांत रान माजतं. मावळे त्यात असे लपवा, की बघायला येणाऱ्याला ते चटकन दिसूच नयेत.