साइटमॅप, विकीसाठी

साइटमॅप, विकीसाठी : विकीवरील पानांचे पत्ते शोधयंत्रांना कळवणारी एक्सएमएल फाइल. तिच्यात प्रत्येक पानाचा पत्ता आणि शेवटच्या बदलाची तारीख असते. गूगलने ही पद्धत २००५ मध्ये आणली. २००६ मध्ये याहू व मायक्रोसॉफ्टने ती स्वीकारली. एका फाइलीत जास्तीत जास्त ५०,००० पत्ते मावतात. पाने त्याहून जास्त असल्यास अनेक फाइली करून त्यांची एक अनुक्रमणिका द्यावी लागते.

शोधयंत्राचा क्रॉलर, म्हणजे पाने गोळा करणारा प्रोग्राम, दुव्यावरून दुव्यावर जातो. कोणत्याही लेखातून दुवा न मिळालेली पोरकी पाने त्याला सहसा सापडत नाहीत. उलट इतिहास, फरक, संपादन यांच्या असंख्य दुव्यांत तो गुरफटतो. साइटमॅप पहिली अडचण दूर करतो. दुसरीसाठी क्रॉलरना सूचना देणाऱ्या रोबोट्स फाइलीत मनाईच लिहावी लागते.

विकी चालवणाऱ्या मीडियाविकी या सॉफ्टवेअरच्या मेंटेनन्स फोल्डरमध्ये ‘जनरेटसाइटमॅप’ ही स्क्रिप्ट तयारच मिळते. ती कमांड लाइनवरून चालवताना सर्व्हरचा पूर्ण पत्ता सांगावा, नाहीतर फाइलीत भलताच पत्ता पडू शकतो. स्क्रिप्ट लेख, चर्चा, सदस्य, साचा अशा प्रत्येक नामविश्वाची वेगळी फाइल करते. चर्चा आणि सदस्य पाने शोधात आणण्यात वाचकाचा काहीच फायदा नाही. सेटिंगमध्ये ती वगळावीत. पुनर्निर्देशने गाळण्याचा पर्यायही वापरावा. मग अनुक्रमणिकेचा पत्ता रोबोट्स फाइलीत लिहावा व गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये द्यावा. फाइल आपोआप ताजी होत नाही, म्हणून स्क्रिप्ट सर्व्हरच्या क्रॉन या वेळापत्रकात रोज लावलेली बरी. बदल झाल्याचे गूगलला ‘पिंग’ करून कळवण्याची जुनी सोय २०२३ मध्ये मोडीत निघाली.

तारखेबाबत सावध राहावे. स्क्रिप्ट पानाच्या शेवटच्या संपादनाची तारीख घेत नाही; कॅशसाठी पान शेवटचे ‘स्पर्शिले’ गेल्याची वेळ घेते. शेकडो लेखांत वापरलेल्या एका माहितीचौकटीच्या साच्यात स्वल्पविराम दुरुस्त केला, तरी त्या सगळ्या लेखांवर आजची तारीख चढते. तारीख सातत्याने खरी असेल तरच गूगल ती विचारात घेते. साइटमॅपमधले पानांच्या प्राधान्याचे आकडे मात्र ते पाहतच नाही. त्यांवर वेळ घालवू नये.

मराठी विकीसाठी एक गोष्ट महत्त्वाची. देवनागरी पत्ते साइटमॅपमध्ये सांकेतिक रूपात जातात : प्रत्येक युनिकोड चिन्हाचे तीन बाइट आणि दर बाइटची तीन अक्षरे, म्हणजे नऊ अक्षरे. ‘पुणे’ची चार चिन्हे ३६ अक्षरे घेतात. स्क्रिप्ट हे रूपांतर स्वतः करते. मीडियाविकीत शीर्षक २५५ बाइटांचे, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हांचेच असू शकते. त्यामुळे साइटमॅपमधील पत्त्याची २,०४८ अक्षरांची मर्यादा एरवी ओलांडली जात नाही.

साइटमॅपमध्ये पत्ता असला म्हणजे पान शोधात येईलच, असे नाही. पोरक्या पानाला दुसऱ्या लेखातून दुवा देण्याचे काम संपादकांनाच करावे लागते, आणि तेच आधी करावे.