एका दैनंदिनीची साक्ष

शीडामच्या संत लिडविनाचे बर्फावर घसरणे आणि पुढे जन्मभर अंथरुणाला खिळणे आपण भक्तिभावाने वाचतो. काही वैद्यांना त्यात मल्टिपल स्क्लेरोसिसची चाहूल दिसते. आम्हांला मात्र ऑगस्टस दे एस्ते याची दैनंदिनी अधिक भरवशाची वाटते.

इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा हा नातू १८२२ च्या डिसेंबरात एका आप्ताला भेटायला स्कॉटलंडला गेला, पण त्याच्या अंत्यविधीलाच हजर राहावे लागले आणि त्यानंतर त्याची स्वतःची दृष्टी अंधुक झाली. ती उपचारांवाचून परतलीही. १८२७ साली फ्लॉरेन्समध्ये एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या, मागोमाग पायांचे बळ गेले. १८४८ मध्ये तो निवर्तला, तेव्हा त्याच्या व्याधीला नावही नव्हते. शार्को यांनी ते १८६८ मध्ये दिले.

आज एवढे कळले आहे, की आरंभ डोळ्यांपासून वा बधिरतेपासून झाला आणि पहिला झटका पुरता ओसरला, तर व्याधी बहुधा सावकाश वाढते. उलट पाय, तोल किंवा लघवीवरचा ताबा आधी गेला, अथवा दुसरा झटका लवकर आला, तर अपंगत्व लवकर येण्याचा संभव अधिक. पण हा अनेकांचा हिशेब. एकट्या रुग्णाचे भाकीत नव्हे. दे एस्तेची दृष्टी पूर्ण परतली होती, तरी अखेरची वर्षे त्याने चाकांच्या खुर्चीत काढली.