घराला चुना लावा, गिऱ्हाइकाला नको!

आज बोलू या घर विकताना ते 'दाखवतात' कसं यावर. रील, वाइड अँगल फोटो, ताजा रंग... सगळं नवीन वाटतं ना? पण आपल्या मराठवाड्यात पहिल्या नजरेची किंमत लोकांना फार आधीपासून कळत होती.

सेलूसारख्या गावातला जुना वाडा आठवा. सगळा थाट दर्शनी बाजूला. मोठा सागवानी दरवाजा, चौकटीवर कोरीव गणेशपट्टी, आत देवडी, मग चौक. त्या दरवाजात एक छोटी दिंडी, म्हणजे येणारा वाकूनच आत येणार. घराची ऐपत दारातच कळायची.

पण घराचा खरा जीव वर, माळवदात. लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. गावठाणाला 'पांढरी' म्हणतात ना, तीच माती. उन्हाळ्यात घर मस्त गार. पण पावसाआधी माती टाकून चोपली नाही, तर गळती ठरलेली! म्हणजे वैशाखात बघितलेलं घर छानच दिसणार. खरी परीक्षा आषाढात.

मग गिऱ्हाइकानं भरवसा कशावर ठेवायचा? खरेदीखतात चतुःसीमा असायची, खाली साक्षीदार. निजामाच्या राज्यात दफ्तराची भाषा उर्दू, पैसा हाली सिक्का. ज्याला कागद वाचता येत नव्हता, त्याला शेजारीपाजारीच आधार. कुणाचं माळवद गळतं, हे गल्लीला माहीत असतंच!

१९०० च्या सुमारास मनमाड–हैदराबाद रेल्वे सुरू झाली आणि सेलू त्या मार्गावर आलं. कापसाच्या या बाजारपेठेत बाहेरगावची माणसं येऊ लागली. आता बाहेरच्या माणसाला घराची कुंडली कुठून माहीत असणार? त्याच्यासमोर घराचं दिसणंच जास्त बोलतं.

म्हणून कायदा मध्ये येतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं की, विकणाऱ्याला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीनं बघूनही दिसणार नाही असा मोठा दोष सांगितलाच पाहिजे. वेगळा करार असेल तर गोष्ट वेगळी. पुढे २०१६ चा रेरा कायदा आला, तो बिल्डरच्या प्रकल्पांसाठी. खोट्या जाहिरातीवर किंवा सॅम्पल फ्लॅटवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर कलम १२ प्रमाणे भरपाई मागता येते.

आता तुमच्यावर येऊ. तुम्ही पुण्यात नोकरीला, सेलूतलं आजोबांचं घर विकायला काढलंय, आणि गिऱ्हाईक ते फक्त मोबाइलवर बघणार. अंगण झाडा, दाराला तेलपाणी करा, सकाळच्या उजेडात फोटो काढा. यात लबाडी काहीच नाही. पण ओल आलेल्या भिंतीवर रंग मारून ती लपवू नका. तिचाही फोटो पाठवा आणि दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव सांगा. नाहीतर इसार घेतल्यावर पहिला पाऊस पडेल, आणि व्यवहार मोडून इसारावरून भांडण लागेल ते वेगळंच!

तुमच्या गावात घर घेताना मोठी माणसं आधी काय बघतात? घरी विचारा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!