सोळाव्या वर्षीची सही

हॉकी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद आणि मोकळे मैदान उभे राहते. आजच्या विषयातील हॉकी बर्फावरची आहे. तिथे पायांत धारदार स्केट असतात आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते. या खेळातील तरुण अमेरिकेतील विद्यापीठाच्या संघापर्यंत कसा पोहोचतो, हे पाहू लागलो म्हणजे खेळाहून मोठा असा एक प्रश्न पुढे येतो. ज्याला अजून मिसरूडही फुटलेले नाही, त्याच्याकडून आयुष्याचा निर्णय मागावा काय?

कॅनडात साधारण वीस वर्षांपर्यंतच्या खेळाडूंना 'ज्युनियर' म्हणतात. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांच्या स्मरणार्थ १९१९ साली सुरू झालेला मेमोरियल चषक हा या ज्युनियर संघांचाच. पुढे धंदेवाईक क्लब हे संघ पोसू लागले आणि जो पोसतो तो हक्क सांगतो, या न्यायाने मुलांवर मालकीही सांगू लागले. १९६२ साली बॉबी ऑर याने चौदाव्या वर्षी बोस्टनच्या क्लबच्या कागदावर सही केली. त्या बोलीत घराच्या भिंतींना गिलावा करून देण्याचाही समावेश होता! ऑर पुढे अलौकिक खेळाडू ठरला. परंतु गुडघ्यांनी दगा दिला आणि १९७८ मध्ये, तिशीतच, त्याला खेळ सोडावा लागला.

त्याच्याच पिढीतील केन ड्रायडन याचीही निवड बोस्टनने १९६४ साली केली होती. त्याने मात्र कॉर्नेल विद्यापीठाची वाट धरली, १९६७ साली आपल्या विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देण्यात वाटा उचलला आणि १९७१ साली माँट्रियलच्या संघातून स्टॅन्ले चषकही जिंकला. पुढे तो वकील झाला, कॅनडाचा केंद्रीय मंत्रीही झाला. दोघेही थोर; पण एकाच्या हाती खेळ संपल्यावर दुसरी विद्या होती, हा फरक आम्हाला लहान वाटत नाही.

तथापि या दोन वाटांमध्ये भिंत उभी होती. १९४८ पासून हॉकीचे राष्ट्रीय विजेतेपद भरविणारी अमेरिकन विद्यापीठांची संस्था, एन. सी. ए. ए., हौशीपणाचा कडक सोवळेपणा पाळी. कॅनडातील ओंटारियो, क्वेबेक आणि पश्चिम प्रांतांतील तीन अव्वल ज्युनियर लीग मुलांना हातखर्चापुरते पैसे देत, आणि त्यांतील काहींनी धंदेवाईक करारही केलेले असत. एवढ्यावरून तेथे खेळलेला प्रत्येक मुलगा विद्यापीठांना धंदेवाईक ठरे. म्हणजे सोळाव्या वर्षी अव्वल लीग स्वीकारली की अमेरिकन विद्यापीठाचे दार बंद.

या भिंतीच्या अलीकडे दुसऱ्या प्रकारच्या ज्युनियर लीग वाढल्या. त्या वेतन देत नसत, म्हणून त्यांच्या खेळाडूंचे हौशीपण शाबूत राही. १९७९ पासून पूर्णपणे ज्युनियर झालेली युनायटेड स्टेट्स हॉकी लीग ही त्यांतली प्रमुख. आयोवातील वॉटर्लू, डुब्यूक अशा गावी मुलगा परक्या कुटुंबात राहतो, शाळा करतो, रोज बर्फावर घाम गाळतो आणि सामन्यांसाठी लांबलांबचा बसप्रवास करतो. ब्रिटिश कोलंबियातील पेंटिक्टन येथे ब्रेट हल याने १९८३-८४ च्या हंगामात १०५ गोल केले, आणि मग तो मिनेसोटा-डलूथ विद्यापीठात गेला. त्याच गावातून आलेल्या पॉल कारियाने मेन विद्यापीठात पहिल्याच वर्षी १०० गुण मिळवून १९९३ चा होबी बेकर पुरस्कार पटकावला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हा मान प्रथमच मिळत होता.

या तालमीत मुलाला काय मिळते? अंगात ताकद येते, वेगवान खेळाची सवय होते, घरापासून दूर राहण्याचे धैर्य येते. परंतु सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे अवधी. विद्यापीठात बावीस-तेवीस वर्षांच्या गड्यांशी झुंजावे लागते. म्हणून पुष्कळ जण शाळा संपल्यावरही एक-दोन वर्षे ज्युनियर लीगमध्ये काढून मगच तेथे जातात. चौदाव्या वर्षीच्या सहीने हाच अवधी हिरावून घेतला होता.

अखेर भिंत पडली. दोन सराव सामने खेळल्यामुळे अपात्र ठरलेल्या एका तरुणाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयात धाव घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एन. सी. ए. ए. ने नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून अव्वल लीगच्या खेळाडूंना विद्यापीठे खुली झाली. मेडिसिन हॅटच्या संघातील गॅव्हिन मकेना याने २०२५ मध्ये पेन स्टेट विद्यापीठ निवडले.

हा न्याय उशिरा झाला, पण झाला. मात्र विद्यापीठसंघांतील जागा काही त्यामुळे वाढल्या नाहीत. १९५८ साली, डेन्व्हर विद्यापीठाने कॅनडातील वयाने मोठे खेळाडू आणले म्हणून मिनेसोटा व मिशिगन राज्यांतील विद्यापीठे बाहेर पडली आणि पश्चिमेकडील लीग मोडली. ती जुनी तक्रार आता नव्याने उठेल, आणि तिची झळ अठरा वर्षांच्या स्थानिक मुलाला बसेल. नव्या व्यवस्थेची खरी कसोटी तिथेच आहे. चांगल्या खेळाडूला विद्या मिळावी हे योग्यच. पण सामान्य खेळाडूलाही शिकण्यास, चुकण्यास आणि मन बदलण्यास वेळ मिळाला पाहिजे. तो देते तोवरच ज्युनियर लीगला शाळा म्हणावे. नाही तर ती नुसती खेळाडूंची बाजारपेठ होय.